याच्यात राहीन कोन?

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं कॉम्प्युटरवर जागा घडवण्याबद्दलची आहेत, म्हणून ती एकत्रच घेतेय.

ताई नमस्कार, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जळगावला रूम करून राहतो, गाव यावल तालुक्यात, घरी केळी. दुसऱ्या वर्षापासून स्केचअपचा, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरचा, नाद लागला, मग तसंच ब्लेंडर शिकलो, आता रोज रात्री जेवण झालं की काहीतरी बांधत बसतो. बंगले नाही. एक जागा केली ती नुसती खाली उतरत जाणारी, विहिरीसारखी, पण तळाशी पाण्याऐवजी आकाश दिसतं. एक केली तिथं खांबच खांब आहेत आणि चालताना वाट अरुंद होत जाते. अशा तीस-पस्तीस फायली झाल्यात. या सेमिस्टरला त्यातल्या दोन ज्युरीपुढं, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढं, ठेवल्या तर बाहेरून आलेले सर म्हणाले हा व्हिडिओ गेम आहे, हे उभं कसं राहणार ते सांग. मला सांगता आलं नाही. घरी आप्पांना लॅपटॉपवर दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं हाये, पन याच्यात राहीन कोन?" मी हे बंद करू का? शिवाय लॅपटॉप सारखा हँग होतो तो भाग वेगळाच.

बंद करू नको. हे पहिलं. आता बाकीचं सविस्तर, कारण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात सरांच्या प्रश्नापेक्षा आप्पांचा प्रश्न मोठा वाटला.

जी बांधली जाणार नाही अशी जागा काढणं आपल्या क्षेत्रात जुनं आहे आणि मानाचं आहे. फ्रान्समधे एतिएन-लुई बुले याने 1784 मधे न्यूटनच्या स्मारकाची चित्रं काढली, दीडशे मीटर उंचीचा पोकळ गोल, कवचाला भोकं अशी पाडलेली की बाहेर दिवस असताना आत तारे दिसावेत. ते त्या काळात बांधणं शक्यच नव्हतं, आणि आजही ती चित्रं शिकवली जातात. आर्किटेक्ट झाहा हदीदने 1983 मधे हाँगकाँगच्या टेकडीवरच्या क्लबची स्पर्धा जिंकली, तो क्लब कधीच झाला नाही, तिचं विट्रा फायर स्टेशन उभं राहिलं ते 1993 मधे आणि आर्किटेक्चरमधला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला 2004 ला. मधल्या वर्षांत ती बहुतेक कागदावर आणि कॅनव्हासवरच बांधत होती. तेव्हा कोणी गेम म्हटलं म्हणून लाजायचं कारण नाही.

पण बुलेच्या चित्रात एक गोष्ट आहे, त्या प्रचंड गोलाच्या पायथ्याशी त्याने इवलीशी माणसं काढलीत. त्या मुंग्यांएवढ्या माणसांमुळेच तो गोल अंगावर येतो. तुझ्या विहिरीत माणूस कुठं उभा आहे? आप्पा तेच विचारतायत रे. त्यांना बेडरूम-किचन नकोय, त्यांना आत शिरायला दार सापडत नाहीये.

आपण सगळे मॉडेल ऑर्बिट करत, म्हणजे बाहेरून चहूबाजूंनी, फिरवतो, ती घारीची नजर झाली, घारीला सगळ्याच जागा छान दिसतात. स्केचअपमधे पोझिशन कॅमेरा म्हणून टूल आहे, त्यात डोळ्याची उंची मुळातच 5 फूट 6 इंच धरलेली असते. ते घेऊन विहिरीच्या पहिल्या पायरीवर उभा रहा आणि वॉक टूलने एकेक पायरी उतर. आणि फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे नजरेत मावणारा कोन, मूळ 35 अंशाच्या आसपासच ठेव, आपण काय करतो की फ्रेममधे मावत नाही म्हणून ते 70-80 वर नेतो, मग दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते आणि आपण आपल्यालाच फसवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, आधी अशी एक जागा मॉडेल करा जी तुमच्या अंगाला पाठ आहे.

माझ्यासाठी ती जागा म्हणजे चोपड्याचं आजीचं धाब्याचं घर. दार एवढं बुटकं की मोठी माणसं वाकूनच आत येत, भिंती हात-दीड हात जाड मातीच्या, वर सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर डोळे उघडत नाहीत असं ऊन असायचं आणि मधल्या खोलीत आलं की आधी काहीच दिसायचं नाही, मग हळूहळू पितळी डबे दिसायचे, मग आजी. छताला एक झरोका होता, त्यातून उन्हाचा कवडसा सारवलेल्या जमिनीवर पडायचा आणि दुपारभर सरकत सरकत भिंतीवर चढायचा, आम्ही पोरं तो बघून चहाची वेळ ओळखायचो. हे घर मी खूप वर्षांनी कॉम्प्युटरवर उभं केलं, आठवणीतून. पहिल्यांदा केलं तर खोली अगदी साधी वाटली, डबाच. मग लक्षात आलं की मी आतला प्रकाश सगळीकडे सारखा ठेवलाय. सगळे दिवे काढले, फक्त झरोका ठेवला, भिंती जाड केल्या, दार 5 फुटांवर आणलं, आणि तेव्हा कुठं मला ती खोली परत मिळाली. माझे डोळे भरून आले होते, स्क्रीनसमोर. प्लॅन तोच, चौरस फूट तेवढेच. जागा म्हणजे नेमकं काय हे मला पाच वर्षांच्या कोर्सपेक्षा त्या एका रात्रीने जास्त शिकवलं.

आता सूर्याचं. स्केचअपमधे सावल्या चालू करण्याआधी फाईलचं ठिकाण बदल. नवीन फाईलमधे बहुतेक वेळा अमेरिकेतलं बोल्डर असतं, कारण हे सॉफ्टवेअर 2000 साली तिथल्याच कंपनीने आणलं. बोल्डर 40 अंश उत्तरेला आहे, आपलं जळगाव 21 ला. तिथं सूर्य वर्षात कधीच डोक्यावर येत नाही, आपल्याकडे मे संपता संपता भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते आणि जुलैत पुन्हा एकदा. तुझ्या विहिरीत तळापर्यंत सरळ ऊन उतरेल ते फक्त त्या दिवसांत, थोडाच वेळ. विचार कर, वर्षभर सावलीत असलेली जागा आणि दोन वेळा तळ पेटतो. ही कल्पना तुझ्या फाईलमधे आधीच बसलीय, तू फक्त चुकीच्या गावचा सूर्य लावलायस.

खांबांच्या जागेबद्दल. ती तुला कुठून सुचली ते तू लिहिलं नाहीस पण केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाला ती कुठून सुचली असेल हे मला कळतंय. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात साधारण 1742 झाडं बसतात, हे आप्पा तुला झोपेत सांगतील. आत शिरलं की खोडंच खोडं, वर पानांचं छप्पर, हिरवा उजेड, पायाखाली ओल, आणि बाहेर 44 डिग्री असताना आत वेगळीच हवा. ती ग्रिड घे, पाचाची साडेचार कर, चार कर, आणि स्वतः चालून बघ की अंग कुठं आकसतं. पुढच्या वेळी आप्पांना ती चालत दाखव.

तुझा लॅपटॉप हँग होतो तेही यातच सुटेल. प्रत्येक खांब वेगळा काढू नको. एक खांब कर, त्याचा कंपोनंट, म्हणजे एक साचा, बनव आणि त्याच्याच कॉपी टाक, ब्लेंडरमधे आल्ट-डी ने हेच होतं. मग हजार खांब असले तरी कॉम्प्युटर भूमिती एकाचीच लक्षात ठेवतो, आणि एक बदलला की सगळे बदलतात. नेटवरून उचललेली पानापानाची झाडं मात्र काढून टाक, फाईल त्यांनीच फुगते.

आणि ज्युरीतल्या सरांचा प्रश्न. शब्द लागले असतील, पण प्रश्न टाळू नको. उभं कसं राहणार याचं उत्तर दर वेळी कॉलम-बीमच असतं असं नाही, हे कुठल्या क्रमाने झालं हेही उत्तर असतं. एका रविवारी जळगावहून एसटीने अजिंठ्याला जा. चित्रांसाठी सगळे जातात, तू 24 नंबरच्या अर्धवट लेण्यासाठी जा. तिथं अजून छिन्नीचं काम दिसतं. ही माणसं वरून खाली कोरत आली, आधी छत, मग खांबांची डोकी, जमीन सगळ्यात शेवटी, त्यामुळे परांचीची फारशी गरजच नाही, न फोडलेला दगडच उभं राहायची जागा. आपण रचत जातो, त्यांनी काढत काढत जागा केली. ब्लेंडरमधे एका आकारातून दुसरा वजा करायला बुलियन मॉडिफायर लावून डिफरन्स निवडतोस ना, तेच हे, फक्त बेसॉल्टमधे आणि दोन हजार वर्षांपूर्वी सुरू केलेलं. तुझी विहीर अशी करून बघ: आधी भरीव ठोकळा घे, आणि त्यातून एकेक तुकडा वजा कर, दर वजाबाकीची वेगळी फाईल ठेव. ठोकळा कुठं उघडा राहिला असेल तर बुलियन गडबडेल, कडा तपासून घे. अशा बारा फायली ओळीने लावल्यास की उभं कसं राहणार हे कोणी विचारणार नाही, त्यांना दिसेलच.

अहमदाबादची गुफाही बघून घे जमलं तर, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी केलेली. 1990 च्या दशकात तिचे वेडेवाकडे घुमट कॉम्प्युटरच्या मदतीने सोडवले आणि फेरोसिमेंटचं, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेलं, जेमतेम इंचभर जाडीचं कवच साध्या हत्यारांनी कारागिरांनी हाताने केलं.

मॅडम, मुलगा आर्किटेक्चरला आहे. म्हणतो लाख-सव्वा लाखाचा लॅपटॉप लागेल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. घेऊन द्यावा का? एक पालक, रावेर

दादा, पहिल्या दोन वर्षांत नाही. ब्लेंडर पूर्ण फुकट आहे, स्केचअपची ब्राउझरवर चालणारी फुकट आवृत्ती आहे, आणि शिकायला साधा लॅपटॉप पुरतो. पुढं रेंडरिंग, म्हणजे मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं काढणं, वाढलं की वेगळं ग्राफिक कार्ड लागतं हे खरं, तेव्हा तिसऱ्या वर्षात बघा. क्रॅक सॉफ्टवेअर मात्र टाकू देऊ नका, त्यातून व्हायरस येऊन सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं काम गेलेली मुलं मी पाहिलीत. पैसे खर्चायचेच तर आधी एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन द्या. जागण्याबद्दल रागावू नका, पण एकदा त्याच्या शेजारी बसून काय चाललंय ते विचारा.

ताई, मी धुळ्याची, चौथं वर्ष. ग्रासहॉपर शिकतेय, म्हणजे आकडे आणि नियम देऊन आकार घडवायचं सॉफ्टवेअर, त्यात हजारो भोकांची जाळी केलीय, भोकं लहान-मोठी होत जातात. सगळ्यांना आवडली. पण भोक कुठं लहान, कुठं मोठं हे मी नुसतं दिसायला ठरवलंय आणि ते मला खटकतंय.

खटकतंय हे फार चांगलं आहे, तिथंच थांब आणि तिथूनच सुरू कर. ग्रासहॉपरमधे तू आकार काढत नाहीस, नातं लिहितेस, मग ते नातं कशाचं हे ठरवायलाच लागणार. धुळ्यात ते उन्हाचं ठेव.

आधी साधा हिशोब वहीत कर. दक्षिणेची 4 फूट उंच खिडकी, 21 मार्चला भर दुपारी आपल्याकडे सूर्य साधारण 69 अंशावर, म्हणजे पूर्ण सावलीला छज्जा लागतो दीड फुटाच्या थोडा वर. तोच छज्जा डिसेंबरात, सूर्य 45 अंशावर आला की, वरचं फक्त दीड फूट झाकतो आणि खालचं ऊन आत येऊ देतो, जे थंडीत हवंच असतं. हे नातं झालं. पश्चिमेला हे चालत नाही, मे महिन्यात चार-पाच वाजता ऊन तिरपं थेट आत घुसतं, तिथं छज्जा कितीही वाढवलास तरी भागत नाही, तिथं तुझी जाळी पाहिजे. म्हणून जाळी चारी बाजूंनी लावू नको, पश्चिमेलाच लाव, आणि भोकाच्या आकाराइतकंच भोकाच्या खोलीला महत्त्व दे, आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड होत्या त्यामुळे छोट्या झरोक्यातूनही ऊन न येता उजेड यायचा.

स्लायडर, म्हणजे आकडा सरकवून बदलायच्या पट्ट्या, दोनच ठेव, भोकाची रुंदी आणि भिंतीची जाडी. मग 20 मे, संध्याकाळी साडेचार लावून बघ आत जमिनीवर काय पडतं. ती जमीन प्रिंट करून मला पाठव, जाळीचा फोटो नको.