कोल्हापुरात नवीन आहे, घरून काम करून कंटाळा येतो. मूड सुधारायला रोजचं, बिनखर्चाचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की इथं येऊन चार महिने झाले, काम लॅपटॉपवर घरूनच, ओळखीपाळखी नाहीत आणि संध्याकाळ झाली की जीव नकोसा होतो. मी काही मानसतज्ज्ञ नाही. बिंदू चौकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पण कंटाळ्याच्या बाबतीत मला अनुभवी समजायला हरकत नाही. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की दुपारी एक ते साडेचार दुकानात मी, मशीन आणि पंखा एवढेच असतो.

'एखादा छंद जोपासा' हा सल्ला मला तरी कधी लागू पडला नाही. त्या नादात आणलेली बासरी कपाटावर धूळ खात पडली आहे. कंटाळलेल्या माणसाला नवा छंद म्हणजे तापातून उठलेल्याला पुरणपोळी.

माझं चुकत होतं ते वेगळंच. बरं वाटलं की फिरायला जाऊ, बरं वाटलं की माळा आवरू, असं म्हणत मी बसून राहायचो. तोवर हातात फोन. एका दुपारी शेजारच्या टपरीवरच्या पोरानं चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "काय करालाय?"

"काय न्हाई, बसलोय."

"काल बी ह्येच म्हणालासा."

पोरगं निघून गेलं, पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. पुढे वाचनात आलं की उदासीवर उपचार करणारे तज्ज्ञसुद्धा क्रम उलटा करायला सांगतात. मन लागायची वाट बघायची नाही. एक छोटं काम ठरवायचं, मन नसताना करायचं. मन मागून येतं. रोज येतंच असं नाही, पण बसून राहण्यापेक्षा नक्कीच जास्त वेळा येतं.

मी सुरुवात केली ती चपलांपासून. पावसाळ्यात कॉटखाली सरकवलेल्या माझ्या कोल्हापुरीवर पांढरी बुरशी चढली होती. दुकानात घेऊन आलो. आधी कोरड्या फडक्यानं बुरशी पुसली, मग जुन्या टूथब्रशनं वेणीच्या फटीतली माती काढली. ती फट फार चिवट असते, तिथंच वीस मिनिटं गेली. मग चिंधीवर खोबरेल तेलाचे चार थेंब घेऊन पट्टा, कान, अंगठा असं एकेक चोळत गेलो. पाण्यानं ताठरलेलं कातडं तेल पीत पीत मऊ आणि गडद होत जातं, ते डोळ्यांदेखत दिसतं. दुसरी चप्पल संपली तेव्हा पावणेचार वाजले होते आणि तासभर मी फोनला हात लावला नव्हता. तुमच्याकडे कोल्हापुरी नसेल तर सायकल असेल, पितळेचं भांडं असेल, मसाल्याचा डबा असेल. हातानं करायचं, तासाभरात संपणारं आणि संपलेलं दिसणारं काम हवं. लॅपटॉपवरचं काम संपतं कुठं? एक मेल गेला की दुसरा हजर.

सकाळचं एकच सांगतो. उठल्यावर लॅपटॉप उघडायच्या आधी रंकाळ्यावर जा. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको, शालिनी पॅलेसच्या बाजूला अर्धा तास चाललात तरी पुष्कळ. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. दुपारी मात्र दोन-दोन तास झोपू नका. मी करून बघितलंय, उठल्यावर डोकं आणखी जड होतं.

संध्याकाळी माणसांत जा. मैत्री व्हायलाच पाहिजे असं नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळ दूध हातात देतात. पोट नाजूक असेल तर पिऊ नका, कच्चं दूध आहे. नुसतं उभं राहिलात तरी कुणीतरी "कुठलं पाव्हणं?" म्हणून विचारणारच. कपिलतीर्थ मंडईत रोज एकाच मावशींकडून भाजी घ्या. आठवड्याभरात त्या मेथीची जुडी बाजूला काढून ठेवायला लागतात. घरपोच मागवलेल्या भाजीबरोबर हे येत नाही.

गर्दी नको असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. आणि गर्दीच हवी असेल, फुटबॉलचा हंगाम चालू असेल, तर शाहू स्टेडियम. इथं तालमींचे फुटबॉल संघ आहेत; पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, कुणाचाही सामना चालेल. तुमची तालीम कुठली ते आत जाण्याआधी ठरवा, नाहीतर दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागेल. दीड-दोन तास घसा फाटेपर्यंत ओरडल्यावर कंटाळा कुठला राहतोय!

पुढं वाट बघायला काहीतरी असलं की मधले दिवसही हलके जातात. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या आसपास असतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, नंतर कमरेपर्यंत आणि मग मुखापर्यंत चढतात. ढग आले तर सगळं हुकतं, आणि लोक पुन्हा दुसऱ्या दिवशी येऊन उभे राहतात. तुमच्या कॅलेंडरवर या तारखांना खूण करून ठेवा.

एक गंभीर गोष्ट. दोन आठवडे झाले तरी रोज उदास वाटतंय, झोप आणि भूक बिघडली आहे, आवडीचंही काही नको वाटतंय, असं असेल तर तो नुसता कंटाळा नाही. चपला पुसून तो जायचा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालते, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट न बघता आत्ताच लावा.

खर्चाचं विचारलंत म्हणून माझा हिशेब: रंकाळा फुकट, खोबरेल घरातलंच, भाजी तशीही लागतेच. दुधाचे पैसे तेवढे पडतात, आणि तेही मी घरी सांगत नाही.