रेवाल चालीचा घोडा हवाय, मारवाडी घ्यावा की काठियावाडी?

तुम्ही लिहिलंय की वय ४५, कंबर धरते, रविवारी शेतरस्त्यानं निवांत रपेट करायची आहे, शर्यत-नाच काही नको. तर जात कुठली घ्यावी? दोन्ही जातींत रेवाल, म्हणजे स्वाराला दणका न देणारी मऊ चाल सापडते आणि दोन्हींत हाडं खिळखिळी करणारी, उसळत्या चालीची दुडकीही सापडते. त्यामुळे जात बघून पैसे देऊ नका, चाल बघून द्या.

आमच्या घरात हा भांडणाचा विषय आहे. वडिलांचं मणक्याचं दुखणं जुनं, मोटरसायकलवरही बसवत नव्हतं, पण घोड्याचा नाद सुटत नव्हता. म्हणून दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात गेलो. काकांनी एक उंच काळा घोडा हेरला. देवमण (मानेवरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा) ठळक, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. व्यापाऱ्याचा पोरगा त्याला रेवालीत काढत होता, बघायला गर्दी. मी मात्र तोंडाकडे बघत होतो. कडक लगाम, आणि पोरगा तो सतत खेचून धरत होता. "लगाम सैल सोडून काढा," म्हटलं. सैल सुटताच घोडा दुडकीवर आला. पायांवर, खुरांच्या वर, दोरीचे वळ होते. पाय बांधून चाल बसवलेली.

काका म्हणाले, "चाल शिकवता येते रे, उंची शिकवता येते का?"

पुढच्या रांगेत एका शेतकऱ्याची कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडी होती. जेमतेम १४ हात उंच (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच), देवमण नाही, काकांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मी बसलो. सपाटीवर, मग तापीच्या उताराला, मग ढेकळांच्या कडेनं, लगाम सगळीकडे सैल. चार पाय चार वेगळ्या ठोक्यांत, एका लयीत पडत होते. रिकिबीत उठबस करायची गरजच नाही. मग वडील बसले. उतरून त्यांनी थेट भाव विचारला. पुढं कैक वर्षं ते तिच्यावर शेतात जात राहिले आणि कंबरेची तक्रार घोडीमुळे कधी आली नाही.

काकांचं वाक्य मला आजही मान्य नाही. चाल रक्तात असते. २०१२ साली स्वीडनच्या संशोधकांनी डीएमआरटी३ या जनुकातला बदल शोधला. आइसलँडच्या घोड्यांच्या खास चालींशी त्याचा संबंध आहे. शिकवून चाल घोटता येते, पक्की करता येते. मुळात नसलेली बांधून आणली, तर दमल्यावर घोडा आपल्या मूळ चालीवर जातोच. म्हणून सौदा करण्याआधी अर्धा तास तरी स्वतः बसा, आणि आई-बाप कसे चालतात तेही विचारा.

एक फसवणूक ओळखा. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीनं उचलणारा घोडा रेवाल म्हणून विकतात. त्यावर दणका कमी बसतो, पण माणूस डावी-उजवीकडे डोलतो, आणि दुखऱ्या कंबरेला तेही नको. डोळे मिटून टापा ऐका: ठोके चार आणि सारख्या अंतरानं हवेत, दोन नव्हेत.

तुमच्या प्रश्नातलं मला खटकलं ते 'रविवारी'. सहा दिवस चंदी (दाणा) खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला सातव्या दिवशी पिटाळलं, की मागच्या पुठ्ठ्याचे (ढुंगणाचे) स्नायू आखडून तो जागीच खिळतो. रोज फिरवायला मोतद्दार (घोडा सांभाळणारा) किंवा घरचं माणूस नसेल, तर कुठलीच जात घेऊ नका. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करा, चारा कमी करू नका. नालबंद दीड-दोन महिन्यांनी यायलाच हवा; खूर वाढले की चांगली रेवालही अडखळते.

राहिलेलं थोडं. ग्लँडर्सचा रक्ततपासणी अहवाल पाहिल्याशिवाय विसार देऊ नका; तो रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावं लागतं. पावसाळ्यात माश्या वाढल्या की सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगाकडे लक्ष ठेवा: ताप, उतरत जाणारं अंग, पायांना सूज. आणि तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवा. तुम्ही नव्वदीच्या पुढं असाल तर आमच्या घोडीएवढी लहान घोडी चालणार नाही. तेव्हा काकांसारखी उंची बघावी लागेल, पण चाल तपासून झाल्यावर.