दोन आठवड्यांत बंद पडलेला क्यूआर कोड

प्रश्न : ताई, मी लालबागला घरूनच चकली, भाजणी, मेतकूट विकते. भाच्याने वेबसाइट करून दिली, पण तो आता पुण्याला असतो. फोटो लवकर उघडत नाहीत असं गिऱ्हाइकं म्हणतात. पाकिटांवर छापलेला क्यूआर कोडही अचानक बंद पडलाय, स्कॅन केला की ‘पैसे भरा’ असं पान येतं. फुकटात धड काही मिळतच नाही का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मिळतं, नक्की मिळतं. आधी कोडचं सांगते, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे. दादरला माझ्या डीटीपीच्या टेबलावर एका शिंपीकाकांच्या व्हिजिटिंग कार्डासाठी मी असाच फुकट कोड बनवला आणि पाचशे कार्डं छापून दिली. पंधराव्या दिवशी काका कार्डांचा गठ्ठा घेऊन दारात उभे. चौदा दिवसांची मुदत होती, ती ओळ मी वाचलीच नव्हती. कार्डं माझ्या खर्चाने पुन्हा छापली, पण काकांचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

खरं तर क्यूआर कोडला मुदत नसतेच. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो निघाला आणि वापरायला सगळ्यांना मोकळा ठेवला. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत थेट तुमच्या साइटचा पत्ता मावतो. पण काही ठिकाणी तुमच्याऐवजी त्यांचाच एक आखूड पत्ता आत घालतात. गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात जातं, तिथून तुमच्याकडे येतं. मुदत संपली की ते दार लावून घेतात. म्हणून छापायला देण्याआधी कोडवर कॅमेरा धरा आणि खाली उमटणारा पत्ता नुसता वाचा. तो तुमच्या साइटचा असेल तरच छापा.

नवा कोड क्रोममध्येच बनतो. तुमची साइट उघडा, शेअरमध्ये जा, तिथे क्यूआर कोडचा पर्याय आहे. मधोमध छोटा डायनोसॉर येतो, त्याने काही अडत नाही. थोडा भाग झाकला तरी उरलेल्यावरून पत्ता जुळावा अशी तजवीज क्यूआर कोडमध्ये असतेच, सगळ्यात पक्क्या प्रकारात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत. पाकिटावर तेलाचा डाग पडला तरी सहसा चालून जातं. आहेत ती पाकिटं टाकू नका, जुन्या कोडवर स्टिकर लावा.

आता फोटो. तुमची साइट मी उघडून पाहिली. चकलीचा एकच फोटो ४ एमबीचा आणि ४००० पिक्सेल रुंद! लोकलमध्ये उभ्याने फोन बघणारं गिऱ्हाईक तो उतरेपर्यंत थांबत नाही. ब्राउझरमध्ये स्क्वूश हे फोटो हलके करायचं साधन उघडा, गूगलच्याच मंडळींनी केलंय. फोटो टाका, रुंदी १२०० करा, प्रकार वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) निवडा. मधल्या रेषेच्या एका बाजूला मूळ फोटो दिसतो, दुसऱ्या बाजूला हलका केलेला. रेषा सरकवत चकलीच्या काट्यांकडे बघा. काटे बोथट दिसेपर्यंत दर्जा उतरवा, मग एक पायरी वर चढवा. मी करून पाहिलं, तुमचा फोटो १५० केबीच्या आत आला आणि काटे जसेच्या तसे. एका वेळी एकच फोटो होतो, पण तुमचे बाराच आहेत, एका दुपारचं काम. नंतर पेजस्पीड इनसाइट्स या साइटचा वेग मोजणाऱ्या पानावर तुमच्या साइटचा पत्ता टाका. मोबाईलच्या रकान्यात मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत आलं की झालं.

प्रश्न : सोसायटीच्या कामासाठी सभासदांच्या आधारच्या पीडीएफ एकत्र जोडायच्या असतात. फुकट साइटवर टाकू का?
– सेक्रेटरी, दहिसर

उत्तर : काका, लोकांनी तुमच्या भरवशावर दिलेले कागद आहेत, इतक्यात टाकू नका. बऱ्याच साइट्स फाइल त्यांच्या सर्व्हरवर नेऊन जोडतात. काही मात्र सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये करतात. पारख सोपी आहे : पान पूर्ण उघडू द्या, मग वायफाय बंद करा आणि आधी एखादं जुनं लाइट बिल जोडून बघा. नेट नसताना जुळलं तर काम तुमच्याच कॉम्प्युटरवर झालं. खरे कागदही तसेच, नेट बंद ठेवून जोडा आणि टॅब बंद केल्यावरच नेट चालू करा. शिवाय सभासदांकडून मास्क्ड आधार मागून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि नुसती काही पानं वेगळी काढायची असली तर साइटच नको, क्रोममध्ये पीडीएफ उघडून प्रिंटमधून हवी तेवढीच पानं सेव्ह होतात.