वन बीएचकेमध्ये राहून घरच्या घरी लाकडी फर्निचर बनवायला शिकायचंय, पहिली कुठली मशिन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीला वन बीएचके आहे, छोटी गॅलरी आहे, लाकूडकामाचा अनुभव शून्य, आणि टेबल, बुकशेल्फ, पुढे जमलं तर कपाट असं सगळं स्वतःच्या हाताने करायचंय. माझं स्पष्ट मत सांगतो, मशिन सध्या राहू द्या, आधी एक पाट बनवा. जेवायला, पूजेला, गणपतीत बाहेर काढतो तोच आपला पाट. मी पण मुंबईतच फ्लॅटमध्ये हे काम करतो आणि जो कोणी विचारतो त्याला हेच सांगतो, कारण फर्निचरमध्ये जे जे लागतं ते जवळपास सगळं त्या एका पाटात येतं, फळी सपाट करणं, काटकोन काढणं, दोन फळ्या जोडणं, स्क्रू, घासणं, पॉलिश. आणि लाकूड खूप थोडं लागतं.

मशिन नको म्हणतोय त्यामागे कारण आहे. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) किंवा राउटर (लाकडात खाचा कोरणारं मशिन) बंद घरात चालवला की धूळ गादीपासून डाळीच्या डब्यापर्यंत सगळीकडे जाते, आवाजाने शेजारी दार वाजवतात, शिवाय बऱ्याच सोसायट्यांमध्ये दुपारी 2 ते 4 ठोकाठोकी बंद असते. हातकरवत आणि रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार) मात्र गॅलरीत रात्री नऊ वाजताही चालतो. फक्त एक साधा ड्रिल घ्या, तो लागतोच.

बाकी हत्यारं म्हणजे बारीक दातांची करवत, एक लोखंडी रंधा, अर्धा इंच आणि एक इंच अशा दोन पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), काटकोन तपासायचा गुण्या, स्टीलची पट्टी, चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. दगड विसरू नका हं, नवशिके नेमका तोच घेत नाहीत. दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसते, तिला घरी येऊन धार लावावीच लागते, साधारण 25 अंशाचा उतार आणि अगदी टोकाला 30 अंशाची बारीक कड, आणि मागची बाजू आरशासारखी सपाट. धार बरोबर आहे की नाही ते पाइनच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषांचं (तंतूंचं) तोंड दिसतं तिथे कापून बघा, गुळगुळीत कापलं तर ठीक, चुरा पडला तर परत दगडावर. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते, हात कापतात ते बोथट हत्याराने. हे सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळेल, मस्जिद स्टेशनला उतरून चालत जा, रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

आता लाकूड, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मुंबईत फर्निचर बिघडतं ते इथेच.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत 80-90 टक्के आर्द्रता असते, तेव्हा फळी फुगते, हिवाळ्यात आकसते. पण ती लांबीला जवळजवळ काहीच बदलत नाही, बदलते ती रुंदीला. म्हणून पावसाळ्यात ड्रॉवर अडकतात आणि दरवाजे चौकटीला घासतात. सागवान या बाबतीत शांत लाकूड आहे तरी 14 इंच रुंद फळी वर्षभरात दोन मिलिमीटरच्या आसपास हलू शकते, आणि ते हलणं तुम्ही खिळे ठोकून, फेविकॉल लावून थांबवू शकत नाही, थांबवायला गेलात तर फळी तडकते किंवा वाकते. जुन्या पाटाला खाली ज्या दोन आडव्या पट्ट्या असतात ना, त्या नीट बघा. फळी वाकू नये म्हणून त्या असतात, पण त्या फळीच्या रेषांना आडव्या जातात, म्हणजे फळी रुंदीला हलणार आणि पट्टी हलणार नाही. म्हणून पट्टीला फेविकॉल अजिबात लावायचा नाही, मधला एक स्क्रू घट्ट आवळायचा आणि दोन्ही टोकांच्या स्क्रूसाठी पट्टीत गोल भोक न पाडता लंबगोल भोक करायचं, म्हणजे फळी फुगली की स्क्रू तिच्याबरोबर सरकतो. एवढं कळलं की टेबलाचा टॉप फ्रेमवर कसा बसवायचा ते आपोआप कळतं, तिथेही हेच करायचं असतं.

लाकूड कुठलं घ्यायचं? शक्य असेल तर जुनं सागवान. गिरगावात, लालबाग-परळला जुन्या चाळी पाडतात तेव्हा त्यांची दारं, चौकटी, तुळया विकायला निघतात, ते लाकूड अनेक पावसाळे बघून बसलेलं असतं, आता ते सहसा पीळ खात नाही. मला असं लाकूड हातात आलं की खरंच आनंद होतो, वरून काळं, रंगाचे थर बसलेले आणि रंध्याचे दोन हात मारले की आतून सोनेरी निघतं. फक्त आधी चुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच, आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, केमिकलने काढा. नवीन हवं असेल तर रे रोडच्या बाजूला लाकडाच्या वखारी आहेत. तिथे भाव घनफुटाचा असतो, हिशोब सोपा आहे, रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले 144. 14 इंच रुंद, 1 इंच जाड, 20 इंच लांब पाट म्हणजे 0.16 घनफूट, घट धरून 0.2 सांगा. एवढी रुंद अखंड फळी मिळणं कठीण आणि महाग, म्हणून सात-सात इंचाच्या दोन घ्या. वखारीत फळी डोळ्यासमोर लांब धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, पीळ लगेच दिसतो, पिळाची फळी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. घरी आणली की दोन-तीन आठवडे पंख्याखाली, खाली पट्ट्या लावून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी ठेवा.

मग दोन्ही कडा रंध्याने सरळ करायच्या, एकमेकांवर उभ्या ठेवून मागे ट्यूबलाइट धरायची, मधून उजेड आला तर अजून रंधा. कंटाळवाणं वाटेल पण यातच हात बसतो, घाई करू नका. सागात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी कडा थिनरने पुसून घ्या, मग फेविकॉल, क्लॅम्प, आणि एक दिवस हात लावायचा नाही. मिस्त्री लोक जमिनीवर बसून पायाने फळी धरतात ते त्यांनाच जमतं, तुम्ही मजबूत टेबलाला क्लॅम्पने बांधूनच काम करा. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे, साध्या लोखंडाला आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतो. पितळेचा स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करा आणि मग पितळेचा लावा.

पॉलिश पेपर 80, 120, 220 असा, कायम रेषांच्या दिशेने, आणि मास्क लावून, सागाच्या भुश्याने खूप जणांना शिंका आणि खाज येते. पॉलिशला मी लाखेचं पॉलिश सुचवणार नाही, दिसतं सुंदर पण ओला तांब्या ठेवला की पांढरी गोल खूण उठते. जवसाचं तेल पातळ हात देऊन, दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून, सुकवून, असे तीन-चार हात द्या. आणि हे नीट वाचा: तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक मोकळं पसरून कडक होईपर्यंत वाळवा.

पाट झाला की चौरंग करा, त्यात चार पाय येतात आणि खरे सांधे शिकायला मिळतात. बुकशेल्फ तिसरं, आणि ते बिनधास्त प्लायमध्ये करा, प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो वर सांगितलेला फुगण्याचा त्रास जवळपास नसतो. शीटवर आयएस 303 किंवा पाण्याच्या जागेसाठी आयएस 710 असा शिक्का (हे प्लायचे भारतीय मानक क्रमांक) बघून घ्या. आठ बाय चारचं शीट बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जात नाही, तेव्हा दुकानातूनच मापात कापून आणा, आणि प्रत्येक कापाला करवतीचे तीन मिलिमीटर जातात ते मापात धरा. 18 मिलिमीटर प्लायचा खण अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नका. खणाची लांबी दुप्पट केली आणि तो पुस्तकांनी भरला तर वाक दुप्पट नाही, सोळापट होतो.

कपाटाचं म्हणाल तर वन बीएचकेमध्ये सहा-सात फुटी कपाट जोडायला जमिनीवर आडवं टाकावं लागतं आणि उभं करायला छताखाली जागा लागते, ती आधी मोजा. जागा नसेल तर वरचा आणि खालचा असे दोन वेगळे डबे बनवून एकावर एक ठेवा आणि वरचा डबा भिंतीला स्क्रूने बांधून टाका, घरात लहान मुलं असतील तर हे नक्की करा.