ग्रीसचे अवशेष, हाताशी एकच दिवस आणि सोबत गाईड: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रीसबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त. अ‍ॅक्रोपोलिस (अथेन्सच्या टेकडीवरची प्राचीन देवळं) कसं बघायचं ते बहुतेकांना माहीत असतं, अडतं ते पुढच्या दिवसापाशी, की स्वतःची गाडी आणि गाईड घेऊन बाहेर पडायचं तर जायचं कुठे आणि पैसे टाकायचे कशावर. निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जातोय, मी, मिस्टर, नववीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासरे रिटायर्ड मास्तर, इतिहास म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण गुडघे दुखतात. एजंटने एका दिवसाच्या प्रायव्हेट टूरचे दोन पर्याय दिलेत. एक डेल्फी आणि मेटेओरा, दुसरा कॉरिंथ, मायसिनी, नाफ्प्लिओ आणि एपिडॉरस. मिस्टरांना पहिला हवाय, दोन मोठी नावं एका दिवसात उरकतात म्हणून. काय करू? (फोंडा)

ताई, एजंटला आजच फोन करा आणि पहिला पर्याय काढून टाका. अथेन्स ते डेल्फी (अपोलो देवाचं प्राचीन देवस्थान) साधारण १८० किलोमीटर, तिथून मेटेओरा अजून दोनशेच्या वर, आणि मेटेओराहून अथेन्सला परत यायला साडेतीनशे, म्हणजे फोंड्याहून मुंबई गाठण्याहूनही लांबचा प्रवास, त्यात सासऱ्यांचे गुडघे गाडीतच आखडणार आणि बघायला मिळणार जेमतेम तास-दीड तास. शिवाय मेटेओरा म्हणजे उंच सुळक्यांवरचे ख्रिस्ती मठ, चौदाव्या शतकापासूनचे, सुंदर आहेतच आणि वर जायला पायऱ्याही भरपूर, पण मास्तरांना जो प्राचीन ग्रीस बघायचाय तो हा नव्हे.

दुसरा पर्याय छान आहे, फक्त त्यातलं प्राचीन कॉरिंथ सोडून द्या. कॉरिंथच्या कालव्यापाशी गाडी थांबवा, पुलावरून खाली बघा, १८८१ ते १८९३ या काळात खडक उभा कापून काढलेला सहा किलोमीटरच्या वर लांबीचा कालवा आहे, पंधरा मिनिटांत होतं, आणि थेट मायसिनी गाठा. घाई एवढ्यासाठी की दिवाळी नोव्हेंबरात आली तर तिथे हिवाळ्याच्या वेळा सुरू झालेल्या असतात आणि बऱ्याच जागा दुपारी साडेतीनला बंद होतात. एजंटांच्या कागदावर बहुतेक उन्हाळ्याचंच वेळापत्रक असतं, त्यात मध्ये दोन तास जेवणाचे, आणि मग दुसऱ्या जागेचं गेट बंद झालेलं बघायची वेळ येते. म्हणून आधी मायसिनी, मग एपिडॉरस, आणि जेवण सगळ्यात शेवटी नाफ्प्लिओला, समुद्राकाठी, आरामात. तोवर पोटाला आधार म्हणून गाडीत काहीतरी ठेवा, मुलीसाठी तरी.

आता गुडघ्यांचं. मायसिनीचा किल्ला टेकडीवर आहे. सिंहद्वारापर्यंतचा रस्ता थोडा चढाचा, पण सावकाश गेलं तर जमतो, आणि ते दार इसवी सनापूर्वी १२५० च्या आसपासचं आहे, वरचे दोन सिंह (डोकी आता नाहीत) बघायला मास्तर नक्की चालतील. त्याच्या पुढे चढ वाढतो, तिथून त्यांना मागे फिरवा, मुलगी आणि मिस्टर वर जाऊन येऊ देत. खाली रस्त्यालगतच 'अट्रियसचा खजिना' नावाची घुमटाकार कबर आहे, तिकीट तेच, चढ जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मते अख्ख्या मायसिनीतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट तीच. दारावरचा आडवा दगड एकट्याचा साधारण १२० टन. आत गेल्यावर मान वर करा, दगडांचं प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा जरासं आत सरकवत सरकवत वर नेलंय आणि साडेतेरा मीटर उंचीवर मिटवलंय, आणि दाराच्या वर एक रिकामा त्रिकोण सोडलाय तो वरचा भार त्या आडव्या दगडावर येऊ नये म्हणून. सव्वातीन हजार वर्षं झाली, उभं आहे.

जर्मन उत्खननकार श्लीमनला १८७६ मध्ये इथल्या कबरींत सोन्याचा मुखवटा सापडला, ज्याला अगामेम्नॉनचा (ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचं नेतृत्व करणारा मायसिनीचा राजा) मुखवटा म्हणतात, तो आता अथेन्सच्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियममध्ये आहे, तेव्हा आदल्या दिवशी तो बघून घ्या. तो अगामेम्नॉनचा असणं शक्य दिसत नाही, ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या कितीतरी आधीचा आहे तो. यावर मास्तर आणि गाईड यांची गाडीत चांगली जुंपेल बघा.

एपिडॉरसचं थिएटर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, ५५ रांगा, सुमारे १४,००० माणसं बसायची. गाईड मधल्या गोल दगडावर उभा राहून कागद फाडतो किंवा नाणं टाकतो आणि वर बसलेल्यांना विचारतो ऐकू आलं का. याबद्दल एक सांगते, नेदरलँड्सच्या आयंधोव्हेनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिथे मोजमाप केलं, तर नाण्याचा आवाज साधारण निम्म्या रांगांपर्यंतच ओळखू येतो आणि कुजबुज पार मागे पोचत नाही, पण मोठ्याने नीट बोललेलं शेवटच्या रांगेत कळतं. मला यात उलट जास्त कौतुक वाटतं, नट काही कुजबुजत नव्हते, त्यांना नाटक ऐकवायचं होतं आणि ते ऐकू जातं. सासरे खालच्या रांगेत बसू देत, मुलीला वर पाठवा आणि त्यांना एखादी कविता म्हणायला लावा.

थिएटर बघून लगेच बाहेर पडू नका. ही मुळात अस्क्लिपिओस या वैद्यक-देवाची जागा. आजारी माणसं एका दालनात रात्री झोपायची, देव स्वप्नात येऊन उपचार सांगतो ही श्रद्धा, आणि कोण कशाने आजारी होता आणि कसा बरा झाला ते शिळांवर कोरून ठेवलंय, त्या शिळा सापडल्यात.

शेवटची आणि पैशांची गोष्ट. एजंटला लेखी विचारा की या किमतीत लायसन्स असलेला गाईड आत येणार आहे का. 'प्रायव्हेट टूर' म्हणजे खूपदा नुसती प्रायव्हेट गाडी आणि इंग्लिश बोलणारा ड्रायव्हर. ग्रीसमध्ये अवशेषांच्या आवारात आणि म्युझियममध्ये माहिती देत फिरवायचं काम सरकारमान्य लायसन्सवाला गाईडच करू शकतो, तो कायदा आहे, त्यामुळे ड्रायव्हर कितीही जाणकार असला तरी गेटवर म्हणणार, तुम्ही जाऊन या, मी पार्किंगमध्ये आहे. आणि मग साता समुद्रापार जाऊन तुम्ही फलक वाचत फिरणार. गाईडचे पैसे वेगळे पडतात, पण ते माणशी नसतात, पूर्ण दिवसाचे असतात, पाच जणांत वाटले की जड जात नाहीत. जागांची तिकिटं त्यात धरलीत का तेही विचारा. हॉटेल एक स्टार कमी घ्या हवं तर, पण गाईड सोडू नका.

प्रश्न: आमचं डेल्फीचं बुकिंग झालंय. भाऊ म्हणतो यूट्यूबवर सगळी माहिती फुकट आहे, अ‍ॅप पण आहे, मग माणसासाठी एवढे युरो कशाला. मला पण हंपीला दुपारनंतर सगळे दगड सारखेच दिसायला लागले होते. (म्हापसा)

सारखे दिसतात कारण दाखवणारं कोणी नसतं. डेल्फीचंच उदाहरण देते. अपोलोच्या देवळाच्या चौथऱ्याखाली एक लांब भिंत आहे, वेड्यावाकड्या अनेक कोनांचे दगड एकमेकांत चपखल बसवलेले, मध्ये चुना नाही की माती नाही. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि देवळाकडे वळतात. चांगला गाईड तिथे थांबवतो आणि म्हणतो, जवळ या, वाकून बाजूने बघा. आणि मग दिसतं की भिंतभर बारीक अक्षरं आहेत, नखाएवढी, ओळीच्या ओळी. ती शेकडो गुलामांच्या सुटकेची कागदपत्रं आहेत. गुलामाच्या सुटकेची किंमत देवाच्या नावाने भरायची, देवाने त्याला 'विकत घेतलं' असं लिहायचं, आणि देवाचा म्हणजे आता तो कुणाचाच नाही, मोकळा. गुलामाचं नाव, किंमत, साक्षीदार सगळं कोरलेलं, आणि काहींत अट अशी की मालक मरेपर्यंत त्याच्याकडेच राहून चाकरी करायची. हे एकदा कळलं की त्या भिंतीपासून हलवत नाही. अ‍ॅपमध्ये भिंतीबद्दल दोन ओळी असतीलही, पण तुमचं डोकं धरून योग्य कोनात वाकवायला माणूसच लागतो.

आपणही गाईडला काहीतरी देऊ शकतो हो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दान दिल्याचे लेख आहेत, आणि विदिशाजवळ बेसनगरला हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. हे सांगून बघा, गप्पांचा रंगच बदलतो, तुम्ही मग नुसते टूरिस्ट राहत नाही.

डेल्फीत आधी अवशेष, मग म्युझियम, कारण डोंगरउतारावरची चढण सकाळच्या गारव्यात बरी. म्युझियममध्ये ब्राँझचा सारथी चुकवू नका, तो १८९६ मध्ये सापडला. त्याचे डोळे शाबूत आहेत आणि जवळ गेलात तर तांब्याच्या पापण्यासुद्धा दिसतात, एकेक केस वेगळा.

आणि जायच्या आधी एका रविवारी जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत जाऊन या. छत १८४२ मध्ये कोसळलं, आता मनोऱ्याचा भाग उभा आहे, ४६ मीटर. गाडीतून आपण सगळेच बघतो तो, पण आत जाऊन जोत्यांवरून दार कुठे होतं, वेदी कुठे होती, माणसं कुठून आत यायची ते ओळखायचा प्रयत्न करा, डोळ्यांना सवय होते.

प्रश्न: मी क्रूझ शिपवर क्रूमध्ये आहे. या सीझनला बायको काही दिवस जहाजावर येणार. काताकोलोला जहाज सकाळी लागतं, दुपारी सुटतं. ऑलिम्पिया होईल का, आणि शिपचीच टूर घेऊ की बाहेरची? (मडगाव)

दादा, आरामात होईल. काताकोलो ते ऑलिम्पिया पस्तीस-चाळीस किलोमीटर, पाऊण तास. जहाज वेळेवर सुटणार हे तुमच्याएवढं कोणाला माहीत, म्हणून परतीला तासभर राखून ठेवायचं हे वेगळं सांगत नाही. शिपच्या टूरमध्ये उशीर झाला तर जबाबदारी त्यांची, हा फायदा खरा, पण चाळीस माणसांच्या मागून चालावं लागतं. तुम्ही दोघंच आहात, तर लायसन्सवाला गाईड आधी ठरवून ठेवा आणि त्याला ऑलिम्पियाच्या गेटवरच बोलवा, टॅक्सी बंदरावरून घ्या, यायचे-जायचे पैसे आधी बोलून. सोबतीला दुसरं जोडपं मिळालं तर खर्च निम्म्यावर.

बघायचं काय, तर स्टेडियम, तिथे दगडी स्टार्टिंग लाइन अजून आहे, पायाची बोटं रोवायला खाचा असलेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत १९२ मीटर. इथल्या शर्यतींची नोंद इसवी सनापूर्वी ७७६ पासून धरतात आणि लग्न झालेल्या बायकांना बघायलाही बंदी होती, त्यामुळे वहिनींना तिथे धावायला लावाच. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपाने आडवे झालेत, गोल चकत्या एकीवर एक रेलून पडल्यात तशाच आहेत. पण मला विचाराल तर फायडियसची कार्यशाळा. झ्यूसचा सोन्या-हस्तिदंताचा पुतळा, सात आश्चर्यांपैकी एक, त्याने इथे घडवला, पुतळा गेला पण कार्यशाळेत मातीचे साचे सापडले आणि एक साधासा प्याला, ज्याच्या तळाशी कोरलंय 'मी फायडियसचा आहे'. तो म्युझियममध्ये आहे. तेव्हा म्युझियमला किमान तास द्या.

प्रश्न: आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचे खाण्याचे हाल होतील का? शिवाय तिला तिथला एखादा खडा देव्हाऱ्यात ठेवायला आणायचाय. अजून काय सांभाळायचं? (डिचोली)

खाण्याची काळजी नको. पालकाचं सारण भरून भाजलेला 'पाय' (इंग्लिशमधला pie), मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, भात भरलेले टोमॅटो आणि भोपळी मिरची, पिवळ्या डाळीचा 'फावा', हे साध्या खानावळीतही मिळतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या जेवणाला 'निस्तीसिमो' म्हणतात, तो शब्द वापरा, त्यात मांस, अंडं, दूध काही नसतं. मात्र माकूल आणि ऑक्टोपस त्यांना उपासाला चालतात, म्हणून विचारून घ्याच. गाईडला आदल्या दिवशी कळवलंत तर जेवणाची जागा तो तशी ठरवतो.

बूट रबरी तळाचे घाला, हजारो पावलांनी झिजलेला संगमरवर कोरडा असतानाही सरकतो. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर उन्हाचं जपा, २०२३ च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे अ‍ॅक्रोपोलिस दुपारचं बंद ठेवलं होतं आणि तसं नंतरही झालंय, म्हणून बुकिंग करतानाच विचारा की जागा अचानक बंद झाली, किंवा संप झाला, तर पैसे परत की दुसरी तारीख. २५ मार्च, तिथल्या ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, १ मे, २५-२६ डिसेंबर आणि १ जानेवारीला सगळं बंदच असतं.

आणि खडा आणायचा नाही. खापराचा तुकडाही नाही, जमिनीवर सुटा पडलेला असला तरी नाही. आईला समजावून सांगा की ग्रीसमध्ये प्राचीन वस्तू उचलणं हा गुन्हा आहे आणि एअरपोर्टवर बॅगेत सापडलं तर पोलिसांपर्यंत जातं. गाईड सोबत असेल तर तोही थांबवेलच. देव्हाऱ्यात ठेवायलाच काही हवं असेल तर नाफ्प्लिओच्या किंवा डेल्फीच्या बाजारातून ऑलिव्हच्या लाकडाची छोटी वाटी घ्या, दुकानदाराकडून बिल घ्या आणि ते जपून ठेवा.