थंडीतला मटण-मशरूम रस्सा: पहिल्यांदा करताना

धुळ्याकडची पौष महिन्यातली थंडी रस्सा मागतेच, तेव्हा सुरुवात याच्यापासूनच कर. अर्धा किलो मटण घे, पण खाटकाला खांदा आणि नळी मागायची, निव्वळ बोटी (बिनहाडाचे तुकडे) नको. नळीजवळचे चिवट धागे मंद आचेवर विरघळतात आणि रश्श्याला अंगचाच दाटपणा येतो. पातेल्यात दीड-दोन तास लागतात. घाई असेल तर कुकर आहेच.

रश्श्याच्या वाटणासाठी कांदा आणि सुकं खोबरं थेट जाळावर भाज. बाहेरून काळं व्हायला हवं, पण कोळसा झाला की रस्सा कडू होतो, मग काही केल्या सुधारत नाही. इथे फोन बाजूला ठेव!

मशरूम पाव किलो पुरे. पाण्यात भिजत घालू नकोस, ओल्या फडक्याने पूस. मटणाबरोबर कधीच शिजवायचे नाहीत. वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, गर्दी न करता परत. सुटलेलं पाणी आटून कडा तांबूस झाल्या की शेवटच्या दहा मिनिटांत रश्श्यात सोड. मीठही तेव्हाच चाखून घे.

वरून पाणी लागलं तर उकळतंच घाल. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कर, पोळी नको.