कोरियात वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतात, मग त्याला किंमत काय?

तुम्ही विचारलंय की मुलगा पुण्यात ३ वर्षं तायक्वांदो शिकतोय, अजून ब्लू बेल्टवरच आहे, आणि कोरियात म्हणे वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतात. तर तिथलं शिक्षण पोकळ आहे का आणि मुलाचा क्लास बदलावा का?

‘वर्षभरात ब्लॅक बेल्ट’ हे शब्द माझ्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की आधी वाटलं, यानेच दुसऱ्या नावाने प्रश्न टाकलाय. दादाने सांगलीत कराटे केलं, ७ वर्षं. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, आजोबांच्या फोटोशेजारी. मी तेव्हा ११ वर्षांची होते, मलाही जायचं होतं. ‘मुलींना काय करायच्यात लाथा’ हे आई म्हणाली नाही, बाबा म्हणाले नाहीत. दादा म्हणाला. असो.

आधी तुमचं उत्तर. हो, देतात. मोठ्या माणसाला साधारण वर्ष-सव्वा वर्षात पहिला दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी, मिळतो. आता हिशोब करा. तुमचा मुलगा आठवड्यातून दोनदा तासभर जात असेल, बहुतेक क्लास तसेच असतात. सणवार, परीक्षा, मे महिन्यातलं आजोळ वजा केलं तर वर्षाचे ८० तास उरतात. आम्ही कोरियात होतो तेव्हा माझी मुलगी सोमवार ते शुक्रवार रोज जायची, म्हणजे अडीचशेच्या आसपास. तुमच्या मुलाची तीन वर्षं तिने एका वर्षात केली. यात पोकळ काय आहे?

शिवाय लहान मुलांना मिळतो तो ब्लॅक बेल्ट नसतोच. १५ वर्षांखालच्यांना ‘पुम’ मिळतो, पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. मोठ्यांच्या पहिल्या दानाला कोरियन लोक ‘छोदान’ म्हणतात, यातला ‘छो’ म्हणजे सुरुवातीचा. तिथे तो आपल्या दहावीसारखा आहे. कौतुक होतं, पण दहावी झालेल्याला कोणी प्राध्यापक समजत नाही. दुसऱ्या दानासाठी किमान १ वर्ष थांबायचं, तिसऱ्यासाठी आणखी २, चौथ्यासाठी आणखी ३. कुक्कीवॉन, म्हणजे सोलमधली दान देणारी मुख्य संस्था, चौथ्या दानाशिवाय मास्टरच्या परवान्यासाठी उभंही करत नाही. आपल्याकडे पहिला दान झाला की पोरगं सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास काढतं. पोकळ कोण, ते तुम्हीच ठरवा.

मी हे ऐकीव सांगत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं सोलजवळच्या सुवॉन शहरात होतो, यॉंगथोंग भागात. पहिलीतली मुलं दुपारी एकच्या सुमारास सुटतात आणि आईबाप संध्याकाळपर्यंत कामावर. त्यामुळे दर दोन चौकांवर खाली फ्राइड चिकन आणि वर तायक्वांदो अशी इमारत असतेच. दोजांगची, म्हणजे तायक्वांदोच्या क्लासची, पिवळी गाडी शाळेच्या फाटकाशी येते, मुलं मोजून घेते आणि नंतर घरी सोडते. आमच्या क्वानजांगनिमना, म्हणजे दोजांगच्या मुख्य गुरूंना, मी पहिल्यांदा ड्रायव्हर समजले होते.

एकदा फी द्यायला गेले आणि पाकीट एका हाताने पुढे केलं. ७ वर्षांची मुलगी सगळ्यांसमोर मला म्हणाली, “आई, दोन्ही हात!” क्वानजांगनिम हसले आणि म्हणाले, रात्री नऊला मोठ्यांचा वर्ग असतो. दोन महिन्यांनी मी पांढऱ्या पट्ट्यात उभी होते. वय ३६.

वर्गात कॉलेजची मुलं, एक नर्स आणि साठीला आलेले एक मासेविक्रेते. कोरियात माणसाशी कोणत्या रूपात बोलायचं हेच वयावर ठरतं, पण दोजांगमधली रांग पट्ट्याने लागते. त्यामुळे हिरव्या पट्ट्याचे हे काका १९ वर्षांच्या काळ्या पट्ट्याच्या पोराच्या मागे उभे राहायचे, त्याने चूक दाखवली की वाकून ‘हो’ म्हणायचे. वर्ग संपला की तोच पोरगा दाराशी थांबायचा, काकांनी आधी बूट घालावेत म्हणून.

आत येताना वाकायचं, समोरच्या ध्वजाला छातीवर हात ठेवून वंदन करायचं, ‘चारयॉत’ म्हटलं की ताठ, ‘क्यॉन्ये’ म्हटलं की नमस्कार. हे तुमच्या मुलालाही ठाऊक असेल. मला नवं होतं ते पट्ट्याचं. पहिल्याच आठवड्यात माझा पट्टा सुटला आणि मी तिथेच, ध्वजाकडे तोंड करून, बांधायला लागले. नर्सने खांद्याला धरून मला मागे वळवलं. आपल्याकडे देवाला पाठ दाखवत नाहीत, तिथे थोरांसमोर कपडे नीट करत राहणं हा उद्धटपणा. पाठ फिरवायची, बांधायचं, मग वळायचं. अजूनही साडीच्या निऱ्या सुटल्या की मी आधी वळते, सासूबाईंना वाटतं मी रागावलेय.

आणि परीक्षा. जी गोष्ट दादाला आजवर सांगितलेली नाही ती इथे लिहिते, कारण तो हे वाचणार नाही.

दानाची परीक्षा दोजांगमध्ये होत नाही, संघटना घेते. शनिवारी सकाळी मोठं जिम्नॅशियम, पांढऱ्या दोबोकमधली, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशातली, मुलंच मुलं, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. गॅलरीत आया आणि किंबाप, म्हणजे भाताचे रोल. माझ्या एका बाजूला ९ वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला दात पडलेला मुलगा. थेगुक पुमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच, आठ असतात, प्रत्येक एकेका त्रिरेखा-चिन्हाचा. त्यातली चार चिन्हं कोरियाच्या ध्वजाच्या कोपऱ्यांत आहेत. पहिला पुमसे आकाशाचा, आठवा भूमीचा. आठव्यात सुरुवातीलाच उडी मारून लाथ आहे. मी उडी मारली आणि भूमीच्या पुमसेत भूमीवर आले. डावा गुडघा, मग तळहात. उठले, पुढची वळणं शेजारच्या पोरीकडे बघून केली. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाहिलं आणि, देवाशपथ, वेग कमी केला.

मी पास झाले.

सोमवारी क्वानजांगनिमना तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये सांगितलं, मला हा पट्टा नको. ते म्हणाले, नाव शिवून झालंय. पट्ट्यावर आपलं नाव कोरियन लिपीत भरतकामाने येतं. त्या लिपीत ‘ध’ नाही, त्यामुळे मेधाची मी ‘मेदा’ झाले. मराठीत हसू येईल असं नाव, पण कोरियनमध्ये ‘मेदा’ म्हणजे खांद्यावर घेणं. त्यांनी तेवढा विनोद केला आणि म्हणाले, आजपासून वर्ग संपला की आठवा पुमसे एकदा, मी पुरे म्हणेपर्यंत. मला वाटलं आठवडाभर चालेल. सुवॉन सोडलं त्या रात्रीपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त, मी तो रोज केला. ते ‘पुरे’ कधीच म्हणाले नाहीत. काका बूट घालून बाकावर बसून राहायचे, माझं होईपर्यंत.

तेव्हा परीक्षा ढिली असते का? असते. येणाऱ्यांतले बहुतेक पास होतात. मग मी दादाशी का भांडते? कारण तो परीक्षेबद्दल बोलतच नाही. फोटो पाठवल्यावर त्याचा पहिला मेसेज होता, ‘किती वॉन?’ दुसरा, ‘तसंही तायक्वांदो म्हणजे आमच्या कराटेची कॉपी.’

ही कॉपीची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि कोरियन दोजांग ती झाकतात हे मला आवडत नाही. भिंतीवर ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ली वॉन-गुक यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये छॉंगदोक्वान ही शाळा काढली ती तोक्योला कराटेचे गुरू फुनाकोशी यांच्याकडे शिकून. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ चं. जुनं बघायचं तर सुवॉनलाच ह्वासॉंग किल्ल्याच्या राजवाड्यासमोर सैनिकी वेशात २४ युद्धकलांची प्रात्यक्षिकं होतात, जॉंगजो राजाच्या काळात १७९० मध्ये झालेल्या सचित्र ग्रंथावरून बसवलेली. त्यात बहुतेक तलवारी, भाले आणि घोडे आहेत. रिकाम्या हाताची कला एकच.

पण मग दादाचं कराटे तरी कुठलं? जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचं. फुनाकोशी ते तोक्योला घेऊन गेले १९२२ मध्ये. आणि ज्या काळ्या पट्ट्यासाठी आमच्या हॉलची भिंत अडलीय तो मुळात ज्युदोचा, ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या शाळेतला. कराटेत पहिले दान दिले गेले ते १९२४ मध्ये. दादा मला सांगायचा, पट्टा कधी धुवायचा नसतो, पूर्वी घाम आणि मातीने पांढरा पट्टाच काळा व्हायचा. सात वर्षं न धुतलेला पट्टा काळा होत नाही, त्याला वास येतो. आईला विचारा.

क्लास मात्र बदलू नका, दिवस वाढवा. सर स्वतः दोबोक घालून घाम गाळतात की खुर्चीत बसून शिट्टी वाजवतात, ते एक दिवस थांबून बघा. पुढे ब्लॅक बेल्टची वेळ आली की सर्टिफिकेट कुक्कीवॉनचं मिळणार की फक्त स्थानिक संघटनेचं, हे फी भरायच्या आधी विचारा. कुक्कीवॉनचा दान त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि ब्लू बेल्ट ३ वर्षांत म्हणजे फार उशीर नाही, पण परीक्षाच घेत नसतील तर का ते विचारायला लाजू नका.

एक सांगायचं राहिलं. माझा दोजांग चांगला निघाला. आमच्याच रस्त्यावर दुसरा होता तिथे मुलं तासभर डॉजबॉलच खेळायची आणि तरी पट्टे बदलायचे. आणि तुमच्या मुलाच्या डोक्यात ऑलिंपिक असेल तर गल्लीतला दोजांग, तिथला काय नि इथला काय, पुरत नाही. कोरियाचे पदकवाले खेळाडू शाळा-कॉलेजांच्या संघांतून येतात, त्यांची दिनचर्याच वेगळी.

गेल्या दिवाळीला सांगलीत दादा म्हणाला, एवढं शिकलीस तर फळी मोडून दाखव. तिथे परीक्षेला हलकी पाइनची फळी असते. याने सफरचंदाच्या खोक्याची काढून आणली, ती चालली असती. मी सांगितलं, दोन्ही हातांनी घट्ट धर, कोपर ताठ ठेव आणि हलू नकोस, धरणारा मागे सरला की फळी मोडत नाही. अंगणात सगळे जमले. मी वळून पट्टा बांधला, पुन्हा वळले, लाथ मारली. फळी मोडली नाही.

“बघ,” दादा म्हणाला.

“तू मागे सरलास.”

“मी हललोसुद्धा नाही.”

वहिनीने व्हिडिओ काढलाय. दादा म्हणतो फोनमधून डिलिट झाला. वहिनीने तो मला त्याच रात्री पाठवला होता.